बर्फ बाटलीबाहेर: व्हरांड्यावरची वाइन थंड ठेवण्याच्या नोंदी (मार्च ते जून २०२५)

९ मार्च २०२५

आजपासून ही वही. कालच्या शनिवारने ती सुरू करायला लावली.

दुपारी साडेतीनला आमच्या वायनरीच्या टेस्टिंग रूमचा, म्हणजे पाहुणे वाइन चाखतात त्या जागेचा, व्हरांडा भरलेला होता. चार टेबलांवर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन गेली आणि त्यातल्या तिघांनी दहा मिनिटांत बर्फ मागितला. बर्फ दिला. पाहुण्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. त्यातल्या एका काकूंनी अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि निघताना मला जवळ घेऊन हळूच म्हणाल्या, "वाइन जरा पाणचट वाटली गं."

मला रात्री झोप लागली नाही. ज्या मळ्यातून ती वाइन आली तो दिंडोरीच्या रस्त्यावर, आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून ते वेल मी येता-जाता बघते. तोडणी पहाटे चारला, डोक्याला बॅटऱ्या बांधून होते, कारण उन्हात तापलेला घड वायनरीत पोचेपर्यंत त्याचा वास उतरतो. पाच महिने एवढं जपलेलं आपण शेवटच्या दहा मिनिटांत पाण्यात घालवतो.

आज व्यवस्थापकांशी बोलले. काम असं ठरलं: व्हरांड्यावरची हवा ३५ ते ४० अंश धरायची. पांढरी वाइन दोन तास ८ ते ११ अंशांत राहिली पाहिजे, लाल १६ ते १८ च्या आसपास. ग्लासात पाण्याचा थेंब जाता कामा नये, वासाला धक्का लागता कामा नये. टेबलामागे खर्च ५०० रुपयांच्या आत. त्यांची अट एकच, शनिवार-रविवारची सेवा या प्रयोगांपायी अडू नये.

११ मार्च

आधी रोग किती आहे ते मोजलं. स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर घेतला, उकळत्या पाण्यात आणि बर्फाच्या पाण्यात तपासून घेतला.

फ्रीजमधून काढलेली भरलेली बाटली, ८ अंश. व्हरांड्यावर सावलीत, हवा ३६. पंधरा मिनिटांनी १२.५, अर्ध्या तासाने १६.५, तासाभराने २२.५. म्हणजे पहिला ग्लास भरून गप्पा रंगेपर्यंत बाटली हातातून गेलेली असते.

दुसरी गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. ८ अंशांची वाइन ग्लासात ओतली आणि लगेच सुई बुडवली, तर आकडा ११. पुन्हा ओतली, पुन्हा ११. मग ग्लासाला हात लावला तेव्हा उलगडलं. आमची ग्लासांची मांडणी पश्चिमेच्या भिंतीवर आहे. दुपारनंतर तिथे ऊन येतं आणि रिकामे ग्लास ३४-३५ अंशांवर तापून बसतात. इतकी वर्षं पाहुणे ज्या ग्लासात वाइन घेत होते, तो ग्लासच तिला पहिल्या क्षणी तीन अंश गरम करत होता.

१२ मार्च

ग्लास आत, बॅरल रूमच्या (वाइनची लाकडी पिंपं ठेवतात त्या खोलीच्या) दाराशी हलवले. आता ओतल्यावर वाढ दीड अंश. खर्च शून्य.

टेबलांवर वाइन वाढणाऱ्या मुलांना सांगितलं, एका वेळी १५० मिली ओतू नका, ७५ ओता आणि दोनदा जा. थोडी वाइन गरम व्हायच्या आत संपते. सुरुवातीला पाहुण्यांना ओतणं कमी वाटतं, पण दुसऱ्या फेरीला कोणी तक्रार करत नाही.

१५ मार्च

आज आमच्या वाइनमेकर सरांबरोबर बसून बर्फाचा हिशोब केला. १०० मिली वाइन, अल्कोहोल १३ टक्के. त्यात बर्फाचे दोन खडे म्हणजे ४० ग्रॅम पाणी. सगळं वितळलं की अल्कोहोल ९.३ टक्क्यांवर. आंबटपणाही त्याच प्रमाणात खाली. लिटरला साडेसहा ग्रॅम आम्ल असेल तर साडेचारच्या थोडं वर उरतं. वासाचं जे काही असतं ते तितकंच विरळ होतं. काकूंची जीभ खरी होती. त्यांनी जे प्यायलं ते पाणचटच होतं.

सर म्हणाले, बर्फ घालूनच प्यायची म्हणून मुद्दाम बनवलेल्या वाइन जगात आहेत. फ्रान्सच्या मोएत ए शाँदोंची आइस इम्पेरियल तशीच, पण तिच्यात साखर पुष्कळ जास्त ठेवलेली असते, बर्फ वितळल्यावरही चव उभी राहावी म्हणून. आपली शेनिन त्या हिशोबाने बनवलेली नाही.

मग ते मला टाक्यांकडे घेऊन गेले. पांढऱ्या वाइनची टाकी. आत आंबण्याची क्रिया चालू असताना उष्णता तयार होते आणि ती १५-१६ अंशांच्या वर जाऊ द्यायची नसते, नाहीतर फळाचा वास बुडबुड्यांबरोबर उडून जातो. टाकीभोवती स्टीलचं दुहेरी कवच असतं आणि त्या कवचातून थंड केलेलं ग्लायकोल (सहज न गोठणारा द्रव) फिरतं. मी कवचाला हात लावला तर बाहेरून दव धरलेलं. सर म्हणाले, "बघा मॅडम, इथे दहा हजार लिटरला थंड करतो, पण थंड करणारी वस्तू वाइनला शिवत नाही."

त्या कवचाचं चित्र मी वहीत काढून ठेवलं. टाकीचं जे आहे ते बाटलीचं का होऊ नये?

१८ मार्च

आज फक्त थंड करण्याचा वेग पाहिला. गोदामातल्या ३२ अंशांच्या तीन सारख्या बाटल्या, १० अंशांवर यायला लागलेला वेळ:

फ्रीजमध्ये सव्वातीन तास. बादलीत नुसत्या बर्फाच्या खड्यांत ३८ मिनिटं. बादलीत अर्धं पाणी, अर्धा बर्फ, बाटली मानेपर्यंत बुडलेली: १८ मिनिटं.

आमच्याकडे आजवर नुसता बर्फ भरायचे, पाण्याने बर्फ "वाया जातो" म्हणून. पण खड्यांच्या मधे हवा राहते आणि बाटलीला बर्फ टोकाटोकाने टेकतो. पाणी बाटलीला सगळीकडून बिलगतं. आणखी एका बादलीत दोन मुठी खडेमीठ टाकलं. पाणी शून्याच्या खाली गेलं, उणे ४, आणि बाटली १२ मिनिटांत १० वर आली. कुल्फीवाल्यांच्या मटक्यातली युक्ती आहे ही, लहानपणी जत्रेत पाहिलेली.

मात्र याच प्रयोगात दुसरी चूक दिसली. बर्फपाण्यातली बाटली मी जेवायला गेले म्हणून तशीच राहिली. परत आले तेव्हा ३.५ अंश. ग्लासात ओतून नाक लावलं तर काहीच नाही. पेरूचा तो वास, ज्याच्यासाठी आमची शेनिन ओळखली जाते, पार गप्प. पंधरा मिनिटांनी ९ अंशांवर आली तेव्हा पेरू परत आला. थंडीने वास मेला नव्हता, वर येत नव्हता इतकंच. पण पाहुणा पंधरा मिनिटं थांबत नाही. तो पहिल्या घोटावरच ठरवतो. म्हणजे बादली टेबलावर ठेवून देणं हेही उत्तर नव्हे.

२१ मार्च

आज सकाळी डीप फ्रीझर उघडला आणि पोटात गोळा आला. काल रात्री घाईत मीच एक बाटली "अर्ध्या तासासाठी" आत ठेवली होती. बूच दोन सेंटिमीटर वर आलेलं, बाटलीत वाइनचा गोळा. १३ टक्के अल्कोहोलची वाइन उणे ५-६ अंशांना गोठायला लागते आणि आमचा फ्रीझर उणे १८ वर असतो.

बाटली फ्रीजमध्ये दिवसभर सावकाश उतरू दिली. तळाशी साखरेसारखे चमकणारे बारीक खडे दिसले. ते टार्टारिक आम्लाचे पोटॅशियम क्षार, खायला निरुपद्रवी. वायनरीत मुद्दाम टाकी उणे ४ च्या आसपास ठेवून ते आधीच खाली बसवतात, तरी इतक्या कडक थंडीत उरलेसुरले बाहेर पडले. चव घेतली: आंबटपणा थोडा बोथट, आणि बूच हललं तिथून हवा शिरल्यामुळे सुकलेल्या सफरचंदाचा वास. ती बाटली स्वयंपाकात गेली. फ्रीझरच्या दारावर कागद चिकटवला: बाटली आत ठेवायची नाही, कोणीही, कितीही वेळ.

२६ मार्च

दगडाचे आणि स्टीलचे क्यूब. ऑनलाइन मागवले होते, दिसायला देखणे. दगडाचे तीन तुकडे, प्रत्येकी २० ग्रॅम, रात्रभर फ्रीझरमध्ये. १०० मिली वाइन १५ वरून १२ वर आली आणि तिथेच थांबली. दगडात थंडी मावते फार थोडी. बर्फाचा जोर तो वितळताना असतो, आणि दगड काही वितळत नाही. तेवढ्याच वजनाच्या बर्फात पंधरा-वीस पट ताकद असते. आत जेल भरलेले स्टीलचे क्यूब बरेच बरे, पण ते पातळ ग्लासात खणखण आपटतात. दोन ग्लासांना तडे गेले. बंद.

३० मार्च

पाडवा. सुट्टी. संध्याकाळी माहेरी गेले तर अण्णांनी शेवटच्या तोडणीची थॉमसन द्राक्षांची पेटी बाजूला ठेवलेली. "तुझ्या प्रयोगाला," म्हणाले. फोनवर मी फक्त एकदा बोलले होते.

२ एप्रिल

गोठवलेली द्राक्षं. कल्पना जुनी आहे, पण बारकावे कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

द्राक्षाचा मणी म्हणजे जवळजवळ चार भाग पाणी आणि एक भाग साखर, सालीच्या पिशवीत बंद. गोठला की बर्फच, फक्त त्याचं पाणी वाइनमध्ये येत नाही. अट एकच: साल अखंड पाहिजे. पहिल्या खेपेला मी मणी घडातून ओढून काढले. ओढला की देठाबरोबर आतला तंतू निघतो आणि तिथे भोक पडतं. गोठून पुन्हा सुटताना त्या भोकातून रस पाझरला, आणि शेनिन गोड झाली. दुसऱ्या खेपेला अण्णांची विरळणीची कात्री घेतली आणि प्रत्येक मण्याला दोन-तीन मिलिमीटर देठ ठेवून कापलं. भोक नाही, पाझर नाही.

धुणं महत्त्वाचं. खायची द्राक्षं फवारणीतून जातात, हे आमच्याइतकं कोणाला माहीत. दोनदा साध्या पाण्यातून, एकदा मिठाच्या पाण्यातून, पुन्हा साध्या पाण्यातून. मग पंचावर पसरून पूर्ण कोरडी करायची. ओलसर राहिली तर सालीवर बर्फाचा थर धरतो आणि तेच पाणी ग्लासात उतरतं. ताटात एकेक मणी सुटा ठेवून गोठवायचा, दगड झाला की पिशवीत भरायचा. एकत्र टाकले तर ढेप होते आणि सोडवताना साली फाटतात.

मोजमाप: १०० मिली वाइन १० अंश, हवा ३७, ग्लासात पाच मणी, साधारण २० ग्रॅम. पाच मिनिटांनी ८, वीस मिनिटांनी १०.५. मणी नसलेला ग्लास वीस मिनिटांनी १९ च्या वर. मी आईला फोन करून आकडे वाचून दाखवले.

५ एप्रिल

शनिवार. सहा टेबलांना द्राक्षं दिली, आधी विचारून. मुलांना फार आवडलं, म्हणजे पाहुण्यांच्या मुलांना. त्यांना वेगळ्या वाटीत दिली आणि ती कुल्फीसारखी चोखत बसली.

कमतरता दोन. अर्ध्या तासानंतर मणी मऊ पडतात आणि काही फुटतात, म्हणून तोवर ग्लास संपला पाहिजे. आणि लाल वाइनमध्ये हिरवा मणी डोळ्यांना खटकतो. काळी द्राक्षं वापरून पाहिली, शरद सीडलेस. चालतात. पण मूळ दुखणं ग्लासात नसून बाटलीत आहे. बाटली २२ अंशांवर गेली की पाच मणी काय करणार?

९ एप्रिल

गावच्या कुंभारकाकांकडे गेले. उन्हाळ्याचे दिवस, माठांचा हंगाम, त्यांना वेळ नव्हता, तरी चाक थांबवून ऐकून घेतलं. मी सांगितलं, तळ सपाट, तोंड तेरा सेंटिमीटर, उंची बावीस, आत बाटली उभी राहील असं भांडं. ते म्हणाले, "ते कळलं. पण ते पाझरायला पाहिजे का नको?"

बरोबर प्रश्न. माठ थंड होतो तो पाझरून. बाहेरच्या अंगावर आलेलं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी घेतो. एक ग्रॅम पाणी आपल्या हवेत वाळताना जवळजवळ ५८० घेतं. म्हणजे नळाचं साधं पाणी, नुसतं वाळू दिलं तर, तेवढ्याच बर्फाच्या सातपट काम करतं. विजेशिवाय.

काका म्हणाले, मातीत राख आणि बारीक भुसा मिसळू. आव्यात भुसा जळून जातो, त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात. आठ दिवसांनी या.

१७ एप्रिल

दोन भांडी आली. एक साधं, एक काकांच्या मुलाने प्रेमाने गेरू लावून, घोटून चकाकतं केलेलं. चकाकतं भांडं रात्रभर पाण्यात ठेवलं तरी सकाळी बाहेरून कोरडं. घोटल्यामुळे छिद्रं बुजलेली. साधं भांडं मात्र तासाभरात अंगभर ओलं झालं. बोटाने रेघ ओढली तर रेघ पुन्हा भरून येते. भुशाच्या जळक्या खुणा अजून त्याच्या अंगावर आहेत, काळ्या तिळासारख्या. मला तेच जास्त सुंदर वाटलं.

२३ एप्रिल

आज मन लावून मोजलं. दुपारी दोन, व्हरांडा, कोरडा थर्मामीटर ३८. दुसऱ्या थर्मामीटरच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून वारा घातला, तो २१.५ वर थांबला. हा आकडा फार कामाचा. नुसत्या पाझराने कुठलीही वस्तू या हवेत २१.५ च्या खाली जाऊ शकत नाही, मग माठ कितीही चांगला असो. पांढऱ्या वाइनला ९ अंश लागतात. म्हणजे मडकं तिला थंड करणार नाही.

तरीही ९ अंशांची बाटली ओल्या मडक्यात ठेवली. तासाभराने १५. उघडी बाटली तेवढ्याच वेळात २३. मी दोनदा तपासलं. कारण साधं आहे: उघड्या बाटलीभोवती ३८ अंशांची हवा असते, मडक्यातल्या बाटलीभोवती भिंत असते २३-२४ ची. गरम व्हायचा वेग निम्म्यावर आला. तासाला साधारण ५० मिली पाणी वाळलं, तेवढं वरून शिंपडायचं.

निम्मं काम मडक्याने केलं. उरलेलं निम्मं शोधायचं.

२६ एप्रिल

लाल वाइन. "लाल वाइन रूम टेंपरेचरला प्यायची" हे वाक्य पाहुण्यांच्या तोंडी आठवड्यातून दहा वेळा ऐकते. ते वाक्य युरोपातल्या जुन्या दगडी घरांचं आहे, जिथे खोली १६-१८ अंशांची असायची. आमचं गोदाम एप्रिलमध्ये ३१. ३१ अंशांची शिराज नाकाशी नेली की पहिल्यांदा अल्कोहोलच चढतं, मागची काळी मिरी आणि जांभूळ शोधावं लागतं. दुसऱ्या टोकाला, फ्रीजमधून ६ अंशांवर काढली तर तुरटपणा इतका वर येतो की जीभ आखडते.

उपाय: बर्फपाण्यात नऊ मिनिटं. ३१ वरून १७. पुसून ओल्या मडक्यात. तासाभराने २० च्या जरा आत. लाल वाइनचा प्रश्न माझ्या मते इथे सुटला. मडकं आणि नऊ मिनिटं, बस.

२ मे

टाकीच्या कवचाचं मार्चमधलं चित्र पुन्हा उघडलं. ग्लायकोलच्या जागी पाणी घातलं तर?

बाजारातून उभा स्टीलचा डबा आणला, मडक्यात सैल बसेल एवढा. डब्यात बाटली आणि भोवती फ्रीजमधलं ८ अंशांचं लिटरभर पाणी. मडक्याला पाझरायला त्याचं स्वतःचं पाणी लागतंच, म्हणून मडक्याच्या आणि डब्याच्या मधल्या फटीत ओली वाळू. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने भाजीसाठी काढलेला विटा-वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष आमच्या शेजारच्या मळ्यात आहे. तिथली ओली वाळू डोक्यात होतीच.

हवा ३८. सुरुवात ८.५. अर्ध्या तासाने १०.५. पाऊण तासाने ११, तेव्हा डब्यातल्या पाण्यात बर्फाचे तीन खडे टाकले. दहा मिनिटांत ८.५. दीड तासाला पुन्हा तीन. दोन तासांत बाटली एकदाही ११ च्या वर गेली नाही आणि ८ च्या खाली आली नाही. एकूण बर्फ १३० ग्रॅम. शेजारच्या टेबलावरच्या बादलीत तेवढ्याच वेळात दोन किलो बर्फ संपला आणि तिथली बाटली ३ अंशांवर बधिर होऊन बसली होती.

सरांना बोलावलं. त्यांनी डब्यात बोट घातलं, मडक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही तर आपली टाकी झाली."

खर्च: मडकं १८०, डबा २६०, वाळू घरची. ४४० रुपये.

९ मे

चवीची परीक्षा. आकडे कितीही बरोबर आले तरी प्यायल्याशिवाय अर्थ नाही. एकाच दिवशी बाटलीत भरलेली सॉव्हिन्यॉं ब्लाँ ही आमची दुसरी पांढरी वाइन, तीन पद्धती: ग्लासात दोन खडे बर्फ, ग्लासात पाच मणी, आणि मडक्यातली बाटली. दहा मिनिटांनी बर्फ आणि मणी काढून तिन्ही नव्या ग्लासांत ओतल्या, नुसते आकडे चिकटवले. चाखायला सात जण. त्यात सर, स्वयंपाकघराच्या प्रमुख आणि टेबलांवर वाइन वाढणारी दोन मुलं, ज्यांनी एक वर्षापूर्वी वाइन पहिल्यांदा चाखली होती.

पाच जणांनी मडक्यातली निवडली, दोघांनी द्राक्षांची. बर्फाची कोणीही नाही. एका मुलाने बर्फाच्या ग्लासाबद्दल लिहिलं, "काकडी धुतलेलं पाणी." मडक्याच्या ग्लासाबद्दल त्यानेच लिहिलं, "कैरी, हिरवी मिरची, पावसाआधीचं गवत." हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. द्राक्षांच्या ग्लासात दोघांना किंचित गोडी लागली. तपासलं तर एक मणी तडकलेला होता.

१४ मे

आज सगळ्याच टेबलांवर काहीतरी बिनसलं होतं. वाइन ९ अंशांवर, ग्लास थंड, तरी सॉव्हिन्यॉंची कैरी लागत नव्हती. नाकाला दुसरंच काहीतरी गोड, ओलं. शेवटी मडक्याजवळ वाकले तर वाळ्याचा घमघमाट.

स्वयंपाकघरातल्या मावशींनी वाळूत वाळ्याच्या जुड्या खोचल्या होत्या. "माठाचं पाणी म्हणजे वाळा पाहिजेच ना मॅडम, पाहुण्यांना बरं वाटतं." मावशींच्या घरी उन्हाळा वाळ्याशिवाय गेलेला नाही, माझ्याही नाही. मी त्यांना बाजूला बसवलं, एक ग्लास वाळ्याच्या मडक्याजवळ आणि एक लांब ठेवून दोन्ही हुंगायला दिले. त्या वाइन पीत नाहीत, पण नाक पक्कं आहे. दोनदा हुंगून म्हणाल्या, "याच्यात तिचा वास दबतो." त्यांनीच जुड्या काढल्या आणि पिण्याच्या पाण्याच्या माठात टाकल्या.

त्यावरून एक नियम लिहून लावला: टेबलाजवळ अगरबत्ती, मोगऱ्याची फुलं, वाळा नको. ही बंदी घालताना मला वाईट वाटतं, कारण मोगरा आमच्या अंगणातलाच आहे. तो आता फाटकाशी ठेवतो, येताना वास मिळावा म्हणून.

२१ मे

अवकाळीचा जोर. मेमध्ये इतका पाऊस आमच्या अण्णांनाही लवकर आठवत नाही. खरड छाटणी झालेल्या बागांची नवी फूट भिजतेय, त्यांचं लक्ष आभाळाकडे आणि माझंही.

हवा २८, ओल्या चिंधीचा थर्मामीटर २६. मडकं ओलं आहे पण वाळत नाही, म्हणून थंडही होत नाही. नुसत्या मडक्याचा उपयोग आज दोन अंशांचा. डब्याचं पाणी आणि बर्फ आपलं काम करत आहेत, आणि हवाच दहा अंशांनी उतरल्यामुळे आकडे बिघडले नाहीत. पाऊण तासाला तीनच खडे.

बिघडलं ते वेगळंच. चौथ्या टेबलावरच्या मडक्याला कुबट वास. आत हात घातला तर वाळू चिकट, भिंतीवर पांढरी बुरशी. वाइनजवळ कुबट वास म्हणजे पाहुण्याला वाटतं बूच सडलंय, बाटली खराब आहे, आणि तो ती परत करतो. आज एका ताईंनी तशी परत केली. त्यांचा दोष काय? मी दुसरी बाटली स्टीलच्या साध्या बादलीत दिली आणि क्षमा मागितली.

२४ मे

सगळी मडकी रिकामी केली. जुनी वाळू टाकून दिली. मडकी नुसत्या पाण्याने आणि नारळाच्या शेंडीने घासली. साबण नाही, कारण माती साबण पिते आणि नंतर तोच वास देते. मग मोठ्या पातेल्यात उकळली. ऊन नाही, म्हणून बॉयलरच्या खोलीत दोन दिवस वाळवणार. पावसाळ्यात मडकं वापरायचंच नाही असं ठरवलं. पावसाळ्यात डबा गोणपाटाच्या खोळीत बसेल. हवा २६-२८ ची असली की तेवढं पुरतं, मोजून पाहिलं: दोन तासांत नऊ खडे.

७ जून

कुंभारकाकांना पुढच्या हंगामाचं सांगून आले. दहा मडकी, न घोटलेली, राख आणि भुसा तसाच, तोंड अर्धा सेंटिमीटर मोठं, कारण जाड बाटलीचा डबा अडकतो. फेब्रुवारीत देतो म्हणाले. चकाकतं भांडं त्यांच्या मुलाला परत द्यायला नेलं होतं. तो म्हणाला ठेवा, फुलं लावा. अंगणातला मोगरा त्यात लावला आहे.

फ्रीझरमध्ये थॉमसनच्या सात पिशव्या, शरदच्या दोन, प्रत्येकी किलोभर, तारीख घालून. लहान मुलांसाठी एक वेगळी.

काल संध्याकाळी मार्चमधल्या त्या काकू पुन्हा आल्या, बहिणीला घेऊन. मी ओळखलं, त्यांनी नाही. शेनिन मागवली. मी स्वतः वाढली, ७५ मिली, ९ अंश. पहिल्या घोटानंतर बहिणीला म्हणाल्या, "पेरूचा वास येतोय का गं तुला?" दुसरा ग्लास त्यांनी स्वतःहून मागितला. बर्फाचं कोणी काही बोललं नाही.